प्रकल्प संपतो, पगार उरतो

लेकीच्या लग्नात कुणी आहेर म्हणून दुभती म्हैस आणून बांधली, तर मांडवात त्याचे कौतुक होते. देणाऱ्याचे नाव होते, घेणाऱ्याचा ऊर भरून येतो. मांडव उतरला, पाहुणे पांगले, की मग हिशेब सुरू होतो. म्हैस फुकट आली, पण वैरण फुकट येत नाही. पेंड, कडबा, गोठ्याचे पत्रे, गुरांचा डॉक्टर यांतले काहीच कुणी घरखर्चात धरलेले नसते. मग एक तर म्हैस विकायची, नाहीतर अर्धपोटी ठेवायची. अर्धपोटी म्हैस आटते, आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘जनावरच खोडाचे होते.’

देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांना गेल्या तीस वर्षांत असे बरेच आहेर मिळाले. कधी जागतिक बँकेकडून, कधी युरोपातल्या देशांकडून, कधी दिल्लीहून. प्रत्येक आहेराची मुदत ठरलेली होती. मुदत संपल्यावर वैरण कुणी घालायची, हा प्रश्न मात्र दर वेळी पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

पहिला मोठा आहेर आला १९९४ साली. देश १९९१ च्या आर्थिक अरिष्टातून नुकता सावरत होता. सोने गहाण ठेवावे लागल्याची आठवण ताजी होती. त्याआधी, १९९० साली, थायलंडमधल्या जोमतिएन येथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ या विषयावर जागतिक परिषद झाली होती, आणि प्राथमिक शिक्षणासाठी बाहेरून पैसा घेण्याबद्दल दिल्लीला जो संकोच होता, तो त्यानंतर कमी झाला होता. त्यातून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. शाळाशाळांतून तो ‘डीपीईपी’ या नावानेच ओळखला गेला. सुरुवातीला ७ राज्यांतले ४२ जिल्हे त्यात होते. शेवटी १८ राज्यांतल्या २७० हून अधिक जिल्ह्यांपर्यंत तो पोहोचला. जिल्हा निवडण्याची मुख्य कसोटी साधी होती. जिथे स्त्रियांची साक्षरता देशाच्या सरासरीहून, म्हणजे १९९१ च्या जनगणनेतल्या ३९ टक्क्यांहून कमी, तो जिल्हा पात्र. महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातले पाच जिल्हे गेले : औरंगाबाद, परभणी, लातूर, नांदेड आणि उस्मानाबाद. (यांतल्या दोघांची नावे आता बदलली आहेत.) लातूर आणि उस्मानाबाद तर १९९३ च्या भूकंपाच्या ढिगाऱ्यातून तेव्हा बाहेर पडत होते.

या कार्यक्रमात चांगले पुष्कळ होते, हे आधी सांगायला हवे. जिल्ह्याने आपला आराखडा आपणच करायचा, मुंबईहून किंवा दिल्लीहून आलेला छापील तक्ता भरून पाठवायचा नाही, ही कल्पनाच नवी होती. एका जिल्ह्यासाठी पूर्ण मुदतीची कमाल मर्यादा ४० कोटी रुपयांची. बांधकामावर ठराविक टक्क्यांहून अधिक खर्च करायचा नाही, असे बंधन. शाळेला वर्षाला २ हजार रुपये आणि शिक्षकाला ५०० रुपये अनुदान मिळे. आज ही रक्कम ऐकून हसू येईल. पण खडूच्या पेटीसाठीही पंचायत समितीकडे अर्ज करणाऱ्या मास्तरांच्या हाती स्वतःच्या मर्जीने खर्च करायला ५०० रुपये आले, ही त्या काळात छोटी क्रांतीच होती.

खर्चाचा ८५ टक्के वाटा केंद्राचा आणि १५ टक्के राज्याचा. केंद्र आपला वाटा बाहेरून कर्जाऊ किंवा मदत म्हणून मिळवी आणि राज्याला अनुदान म्हणून देई. म्हणजे राज्याच्या डोक्यावर कर्ज नाही. अटी दोन होत्या. राज्याने १९९१-९२ साली प्राथमिक शिक्षणावर जेवढा खर्च केला, तो महागाई धरून पुढेही चालू ठेवायचा. बाहेरचा पैसा आला म्हणून घरचा हात आखडता घ्यायचा नाही. आणि प्रकल्प संपल्यावर जो आवर्ती खर्च उरेल, तो राज्याने उचलायचा. राज्यांनी ते मान्य केले. मुदत संपायला पाच-सात वर्षे असताना मान्य करायला काय जाते? तोवर सचिव बदलतात, मंत्री बदलतात, बहुधा सरकारही बदलते.

आवर्ती खर्च हा शब्द रुक्ष आहे, पण साऱ्या दुखण्याचे मूळ तिथेच आहे. शाळाखोली एकदा बांधली की बांधली; पुढे रंग आणि कौले. प्रशिक्षणाचा वर्ग झाला की झाला. शिक्षकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, दर वर्षी वाढतो, वेतन आयोग आला की उडी मारतो, आणि शेवटी निवृत्तिवेतन मागे ठेवून जातो. आपल्याकडे २०१६-१७ पर्यंत सरकारी खर्चाचे योजना आणि योजनेतर असे दोन कप्पे होते. योजनेचा कप्पा मिरवायचा. त्यातून नवी कामे निघत, उद्घाटने होत. योजनेची मुदत संपली की तिच्यातली माणसे योजनेतर कप्प्यात यायची, आणि त्या कप्प्याचे नाव घेतले की अर्थखात्याच्या कपाळावर आठी पडे. कारण योजनेतर खर्च कमी करा, हेच तर त्या खात्याला वरून रोज ऐकावे लागे.

मग अर्थखात्यांनी एक युक्ती शोधली. म्हैस परतही करायची नाही आणि पोटभर वैरणही घालायची नाही. कायमचा शिक्षक नेमलाच नाही, तर कायमचा पगारही नाही! मध्य प्रदेशात १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीतल्या ४० मुलांच्या, आदिवासी भागात २५ मुलांच्या, पालकांनी मागणी केली, की ९० दिवसांत शिकवण्याची सोय करण्याची हमी. कल्पना नामी होती आणि हजारो वस्त्यांत ती उतरली, हे खरे. पण तिथल्या ‘गुरुजी’ला सुरुवातीला महिना ५०० रुपये मिळत. महाराष्ट्रातही वाड्या-तांड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. तिथे शिकवणाऱ्या तरुण-तरुणींना मानधन होते महिना हजार रुपये. त्यांना नियमित शिक्षक म्हणून मान्यता मिळायला २०१४ साल उजाडले. विशीत लागलेली माणसे तोवर पस्तिशीकडे झुकली होती.

बाहेरचा पैसा किती अचानक आटू शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण राजस्थानातले आहे. तिथे १९९२ साली ‘लोक जुंबिश’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्रीय शिक्षण सचिव म्हणून काम केलेले अनिल बोर्दिया त्याचे सूत्रधार. गावातल्या बायाबापड्यांनी घरोघर फिरून शाळेचा नकाशा काढायचा, कुठल्या घरातली कुठली मुलगी शाळेत जात नाही याची खूण त्यावर करायची, अशी त्याची पद्धत. पैशाची विभागणी अशी, की सहा रुपयांतले तीन स्वीडन देणार, दोन केंद्र आणि एक राज्य. मे १९९८ मध्ये भारताने अणुचाचण्या केल्या आणि निषेध म्हणून स्वीडनने भारताची मदत थांबवली. लोक जुंबिशचा निम्मा पैसा त्यात अडकला. पुढे १९९९ साली ब्रिटनचा निधी मिळाला आणि प्रकल्प कसाबसा तगला. पण मधल्या काळात कामाची लय मोडली ती मोडलीच. योगायोग असा, की चाचण्या झाल्या ते पोखरणही राजस्थानातच. जैसलमेर जिल्ह्यात जमीन हादरली आणि त्याच राज्यातल्या मुलींच्या शाळांचा पैसा थांबला. दोन्ही निर्णयांत त्या मुलींना कुणी विचारले नव्हते.

२०००-०१ पासून सर्व शिक्षा अभियान आले आणि डीपीईपीचे जिल्हे मुदत संपेल तसे त्यात मिसळत गेले. या वेळी पैशाची उतरंड आधीच ठरवून दिली होती. नवव्या पंचवार्षिक योजनेत केंद्र ८५ आणि राज्य १५ टक्के, दहाव्या योजनेत ७५ आणि २५, त्यानंतर निम्मे-निम्मे. कागदावर ही रीत शहाणपणाची होती. वैरणीचा खर्च हळूहळू घरच्या अंदाजपत्रकात यावा, हाच त्यामागचा हेतू.

या उतरंडीचा जिल्ह्याला काय अर्थ, ते सोप्या आकड्यांत पाहावे. समजा, एका जिल्ह्यात अभियानातून २०० शिक्षक नेमले आणि दर माणशी महिना ४० हजार रुपये पगार धरला. वर्षाचे झाले ९ कोटी ६० लाख. पंधरा टक्क्यांच्या काळात राज्याने भरायचे १ कोटी ४४ लाख. तोच वाटा चाळीस टक्क्यांवर गेला की ३ कोटी ८४ लाख. एकही नवे मूल शाळेत आले नाही, एकही नवा शिक्षक लागला नाही, आणि राज्याचा खर्च अडीच पटीहून वाढला. अभियान उद्या बंद झाले, तर पूर्ण ९ कोटी ६० लाख. हा आकडा २०० शिक्षक नेमण्याच्या दिवशीही कागदावर मांडता आला असता. त्याला उच्च गणित लागत नाही.

निम्म्या-निम्म्या वाट्याची पायरी २००७ साली आली, तेव्हा राज्यांनी हात वर केले. केंद्राने ६५-३५ पासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने खाली यायचे ठरवले. तेवढ्यात १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, खर्च वाढला, आणि गाडी पुन्हा ६५-३५ वर आली. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला, त्यानंतर २०१५-१६ पासून प्रमाण ६०-४० झाले. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी ९०-१०. केंद्र म्हणते, तुम्हाला करांतून जादा मिळाले. राज्ये म्हणतात, एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

२०१८ साली सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षणाची योजना आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ झाली. २०२१ साली तिला २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. पाच वर्षांचा एकूण खर्च २ लाख ९४ हजार कोटींच्या वर, त्यातला केंद्राचा वाटा सुमारे १ लाख ८५ हजार कोटी. म्हणजे आपल्याकडे पैसा एकदम बंद होत नाही, तो नाव बदलतो. पाटी नवी, बोधचिन्ह नवे, लेटरहेड नवे. त्याखाली काम करणारी माणसे तीच, आणि त्यांचा करारही तसाच. लेखापाल, अभियंता, संगणकावर माहिती भरणारा, गटसाधन केंद्रातला विषयतज्ज्ञ, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयातल्या बाई. बऱ्याच ठिकाणी अकरा महिन्यांची नेमणूक, मग एक-दोन दिवसांचा ‘तांत्रिक खंड’, मग पुन्हा अकरा महिने. बँकेत घरासाठी कर्ज मागायला गेले, की साहेब विचारतो, ‘नोकरी कायम आहे का?’ पंधरा वर्षे रोज कामावर जाणाऱ्या माणसाने याचे काय उत्तर द्यावे!

यांतले सर्वांत उपेक्षित म्हणजे अपंग मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक. त्यांची योजना तर १९७४ पासूनची. तीही नावे बदलत अभियानात आणि मग ‘समग्र’मध्ये आली. तालुक्यातल्या पाच-सहा गावांत फिरून अंध, कर्णबधिर, मतिमंद मुलांना गाठणारा हा शिक्षक. ज्या मुलाला घरातून उठून शाळेत जाताच येत नाही, त्याच्यासाठी शाळा म्हणजे आठवड्यातून एकदा येणारा हा एकटा माणूस. तो गेला तर त्या मुलाची शाळा पूर्ण बंद. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली अशा शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले : प्राथमिकला १० मुलांमागे एक, त्यापुढे १५ मुलांमागे एक. तरीही पदे भरली गेली नाहीत, तेव्हा मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे जाहीर करायला आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर असलेल्यांची पात्रता तपासून त्यांचा विचार करायला सांगितले. जे काम अर्थसंकल्पात व्हायचे, ते न्यायालयात करून घ्यावे लागले.

कायम होण्याचेही प्रकार असतात. पंजाबमध्ये २०१८ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने अभियानातल्या आणि तशाच इतर योजनांतल्या ८,८८६ शिक्षकांना कायम करण्याचे ठरवले. आनंदाची बातमी! फक्त पहिली तीन वर्षे पगार १५ हजार. यांतल्या अनेकांना प्रकल्पात ४२ हजारांच्या आसपास मिळत होते. शिक्षक पतियाळात रस्त्यावर बसले, काहींनी उपोषण केले. केंद्राचा पैसा होता तोवर ४२ हजार, आणि राज्याच्या तिजोरीतून द्यायची वेळ आली तेव्हा तोच माणूस, तोच वर्ग, तीच मुले, किंमत मात्र १५ हजार. बिहारमधल्या सुमारे साडेतीन लाख ‘नियोजित’ शिक्षकांनी समान कामाला समान वेतन मागितले. पाटणा उच्च न्यायालयाने ते मान्य केले, पण मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या खटल्यात सरकारचा मोठा मुद्दा होता तो एवढा पैसा आणायचा कुठून हाच.

पैसा नाव न बदलता ठरल्या तारखेला खरोखरच बंद झाला तर काय होते, हे नुकतेच अमेरिकेत दिसले. तिथे सुमारे १३ हजार शालेय डिस्ट्रिक्ट आहेत. तिकडे स्थायिक झालेली मराठी मंडळी घर घेताना आधी डिस्ट्रिक्ट पाहतात, कारण शाळा घराच्या पत्त्यावर ठरते आणि शाळेचा बराच पैसा घरपट्टीतून येतो. केंद्र सरकारचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आतबाहेर. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, तिथल्या काँग्रेसने तीन हप्त्यांत सुमारे १९० अब्ज डॉलर शाळांना दिले. शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या हप्त्याची बांधिलकी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत करायची होती. काही डिस्ट्रिक्टांनी त्यातून खिडक्या, वातानुकूलन अशी एकदाच करायची कामे केली. काहींनी समुपदेशक, परिचारिका, मागे पडलेल्या मुलांसाठी जादा शिक्षक नेमले, कारण मुलांना खरी गरज त्यांचीच होती. याच दुसऱ्या गटावर २०२४ मध्ये कपातीची पाळी आली. मुलांसाठी योग्य तेच करणारा हिशेबात चुकला, आणि यंत्रे बसवणारा निर्धास्त राहिला. पण तिथे निदान डिस्ट्रिक्टचे मंडळ लोकांसमोर बसून अंदाजपत्रक मांडते, कुठले पद जाणार ते पालकांना आधी कळते आणि ते सभेत भांडतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या हाती थोडासा सेस फंड. शिक्षकांचा पगार राज्याकडून, योजनेचा पैसा दिल्लीकडून. जिल्हा फक्त मागणी नोंदवतो आणि हप्त्याची वाट पाहतो.

तो हप्ता शाळेशी संबंध नसलेल्या कारणानेही अडतो. तामिळनाडूने ‘पीएम श्री’ योजनेच्या करारावर सही केली नाही, म्हणून २०२४-२५ सालचा ‘समग्र’चा केंद्रीय वाटा, २ हजार १०० कोटींहून अधिक, रोखला गेला. राज्याने मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. करारात राष्ट्रीय शिक्षण धोरण मान्य करण्याचे कलम आहे, आणि राज्याला ते नको आहे. कोण बरोबर, हा राजकारणाचा प्रश्न. पण तामिळनाडू हे स्वतःच्या तिजोरीतून काही काळ खर्च चालवू शकणारे राज्य आहे. बिहारला किंवा झारखंडला ते किती महिने जमले असते?

या साऱ्यातून एक सुटसुटीत तोडगा अनेकांना सुचतो : मुदतीचा पैसा इमारतींवरच घालावा, माणसांवर नको. तो चुकीचा आहे. मराठवाड्यातल्या तांड्यावरच्या मुलीला चांगल्या खोलीपेक्षा नेमाने येणाऱ्या बाई जास्त हव्या असतात. माणसे नेमावीतच, पण ज्या दिवशी नेमणार, त्याच दिवशी राज्याच्या अर्थसंकल्पात पुढच्या सात-आठ वर्षांच्या पगाराचे आकडे, वर्षागणिक वाढणाऱ्या राज्याच्या वाट्यासह, छापले जावेत. मुदतीनंतर पद कायम राहणार की रद्द होणार, हेही नेमणुकीच्या आदेशात लिहावे. त्याने सरकारचे दोन पैसेही वाढत नाहीत. वाढते ती फक्त अडचण, कारण मग घोषणेच्या दिवशीच बिलही दिसते.

पालकांच्या हाती अगदीच काही नाही असेही नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आहे आणि तिने शाळेचा विकास आराखडा करायचा आहे. बहुतेक ठिकाणी तो मुख्याध्यापक लिहितात आणि समिती अंगठा-सही करते. आपल्या शाळेतले कोणते शिक्षक नियमित पदावर आहेत आणि कोणते योजनेच्या पैशावर, योजना कुठल्या मार्चला संपते, एवढे दोन प्रश्न समितीच्या वहीत लेखी नोंदवता येतात. उत्तर देताना गटशिक्षणाधिकाऱ्यांना जिल्ह्याला विचारावे लागेल आणि जिल्ह्याला राज्याला.

‘पीएम श्री’ योजनेला मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२२ मध्ये. देशभरातल्या साडेचौदा हजारांहून अधिक शाळा, २७ हजार ३६० कोटी रुपये, मुदत पाच वर्षे, २०२२-२३ ते २०२६-२७. या शाळांनी गाठलेला दर्जा मुदतीनंतर राज्यांनी टिकवावा, असे मंजुरीच्या वेळी म्हटले होते. निवड झालेल्या शाळांच्या फाटकांवर नवे फलक लागले आहेत.